मितू झोपलेली असताना घेतलेले आकडे

सव्वाअकरा वाजले तरी फोन वाजला नव्हता. हे माधुरीच्या ध्यानात आलं आणि तिच्या छातीत बारीकसं काहीतरी हललं. शेजारची पिठाची गिरणी थांबते तेव्हाच कळतं की इतका वेळ ती चालू होती, तसं. तिनं फोन उचलून पाहिला. बॅटरी भरलेली, रेंज पुरेशी, आवाज मोठा. लॅबच्या खिडकीतून लांबवर डोंगरमाथ्यावर चांदबीबीचा महाल अंगठ्याएवढा दिसत होता, तिकडे तिनं उगाच पाहिलं, आणि परत फोनकडे. एरवी घर तिला दर दहा मिनिटांनी काहीतरी विचारायचं. ती नुसती चौकात भाजीला गेली तरी नवऱ्याचा, पंकजचा, फोन यायचा. पेज गार झालीये, परत गरम करू का. निळं झबलं घालू की पिवळं. मितू रिमोट चाटतीये, चाटू देऊ का. चाटू देऊ का, हे तो इतक्या गंभीरपणे विचारायचा की कोथिंबिरीची जुडी हातात धरून तिला खरोखर विचार करावा लागायचा. एमआयडीसीत याच माणसाच्या हाताखाली बारा जण काम करतात, आणि ते बारा जण यालाच विचारत असतील, साहेब, चाटू देऊ का, असं मनात येऊन तिला भाजीवाल्यासमोर हसू फुटायचं. वैताग यायचाच, नाही असं नाही. पण वैतागाच्या तळाशी साखरेसारखं काहीतरी बसलेलं असायचं. आपल्यावाचून पान हलत नाही, ही साखर. आज सकाळपासून पान हललं होतं का, हलत असलं तर कुणाच्या सांगण्यावरून, हे कळायला मार्ग नव्हता.

फोन आपण करायचा नाही असं ठरलं होतं. अट तिच्या सासूनं घातली होती. छबूबाई अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या, काळभात तांदळाचं गाठोडं आणि दोन लुगडी घेऊन मंगळवारच्या एसटीनं सावेडीच्या घरी येऊन थडकल्या, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "सुक्रवारी तू कालेजात जा. पोरगी मी बघते. फकस्त फोन करायचा न्हाई. तुजा आवाज आयकला का ती दाराकडं पळती न् मंग तासभर कुनाचं आयकत न्हाई. लागलं तर मी करीन." हे खरंच होतं. चौदा महिन्यांची मितू आईच्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून घास घ्यायची नाही. बापानं भरवलेला मऊ भात तिनं त्याच्या युनिफॉर्मच्या खिशात थुंकला होता. पाळणाघराच्या बाईंनी दोन दिवसांत हात जोडून तिला परत केलं होतं. वीस वर्षांत असं लेकरू पाहिलं नाही, असं प्रशस्तिपत्रक देऊन. आणि सोमवारी रजा संपत होती. वाढवायची तितकी वाढवून झाली होती. आज दुपारी तीन वाजता पीएचडीचा सहामाही आढावा होता. मागचा तिनं मितूच्या तापात चुकवला होता, हा चुकला तर नाव कटणार होतं. म्हणजे प्रश्न साधा होता. मितू आज दिवसभर राहिली, जेवली, तर माधुरी सोमवारी कामावर. नाही राहिली, तर माधुरी घरी, आणि मग काही वर्षांनी कुणी विचारलंच तर 'मी पण करत होते थोडंसं', असं म्हणणाऱ्या बायकांमध्ये आणखी एक. एक वाजता मधेच घरी जाऊन भरवून यायचं, इतकी सवलत आत्यांनी, म्हणजे छबूबाईंनी, दिली होती. एक वाजायला पावणेदोन तास होते.

समोर लॅपटॉपवर तिचं नेटवर्क मुकाट चाललं होतं. खरं नेटवर्क नाही, लॅपटॉपच्या पोटातलं. सोळा स्विच, म्हणजे माहिती पुढं कुठं धाडायची ते पाहणारी खोकी, सगळी मनातल्या मांड्यांसारखी, आणि त्यांच्या डोक्यावर एक कंट्रोलर. आत्यांनी बुधवारी शेंगा निवडताना विचारलं होतं, "तू नेमकं शिकतीस तरी काय गं एवढं? मास्तरीण तर हायेसच." तेव्हा तिनं एसटी स्टँडवरून समजावलं होतं. पूर्वी प्रत्येक ड्रायव्हर आपल्या डोक्यानं गाडी कुठल्या फलाटाला लावायची ते ठरवायचा. आता सगळ्यांची डोकी काढून एकाच्याच खोपडीत भरली. खिडकीत बसलेला कंट्रोलर. नवी गाडी आली की विचारते, कुठं लावू? तो सांगतो, तीन नंबरला. आमचा प्रश्न असा की असा एक माणूस किती गाड्या सांभाळेल? दहा आल्या तर ठीक. एकदम हजार आल्या, हजारांनी विचारलं, तर त्याचं उत्तर उशिरा जाणार, मग थांबलेल्या गाड्या परत परत विचारणार, मग तो आणखीच उशीर करणार, आणि एक वेळ अशी येणार की खिडकीत माणूस आहे आणि स्टँड बंद. आत्यांनी शेंगेचं फोलपट फुंकून उडवलं. "पन आमच्या राजूरच्या गाडीचा डायवर कवा इचारतो का? त्येला ठावं हाय, पाच नंबर." माधुरी चकित होऊन हसली होती. तेच तर, आत्या! एकदा सांगितलं की स्विच ते लिहून ठेवतो, पुढच्या वेळी विचारत नाही. "मंग जो इचारतोय त्येला एकदा नीट सांगावं न् मोकळं व्हावं," आत्या म्हणाल्या, "का दर खेपंला सांगन्यात बरं वाटतंय त्या खिडकीतल्याला?" हा प्रश्न अजून कुठल्याच शोधनिबंधात तिला सापडला नव्हता.

तिनंही नीट सांगून मोकळं व्हायचा प्रयत्न केला होताच. काल दुपारी फ्रीजवर एक यादी चिकटवली होती, अठरा कलमांची. पेज किती पातळ. पाणी कुठल्या वाटीतून. रडली तर आधी डायपर, मग भूक, मग खिडकी, खिडकीतून रिक्षा दाखवणे. झोपताना डाव्या कानाची पाळी चोळणे, उजव्या नाही. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की प्रत्येक कलमाला एक 'पण' फुटतोय; रिक्षा दाखवणे, पण हिरवी नको, हिरवीचा हॉर्न तिला आवडत नाही. असे पण लिहायला फ्रीजचं दार पुरलं नसतं. आणि आता या शांततेचा अर्थ काय लावायचा? कंट्रोलरला प्रश्न येईनासे होतात त्याची कारणं दोनच असतात, हे ती पोरांना वर्गात सांगायची. एक, स्विचला सगळं कळलंय, आता विचारायची गरज नाही. दोन, मधली तार तुटलीये. वरून दोन्ही सारखंच दिसतं. खिडकीत बसलेल्याला दोन्हीत तितकंच सामसूम. आणि तार तुटली की स्विच दोन जातीचे निघतात: एक जात आधी जेवढं माहीत आहे तेवढ्यावर आपल्या बुद्धीनं चालवून घेते, दुसरी जात येणारं सगळं सांडून देते आणि वाट पाहत बसते. मितू कुठल्या जातीची? सगळं सांडून देण्यात तर तिचा हात धरणारा कुणी नव्हता. माधुरीला त्या कल्पनेनंही हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं ती नाक पुसत असताना हमिदा मॅडम आत आल्या.

हमिदा मॅडम तिच्या गाईड. पंचावन्नच्या, चष्मा कायम डोक्यावर आणि कायम हरवलेला. "सर्दी?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता स्टूल ओढून बसल्या. "दाखव बेटा, तीनला काय दाखवणार ते." माधुरीनं आलेख दाखवला. चार महिन्यांचं काम एका रेघेत: आठ स्विचपर्यंत रेघ सरळ वर जाते, सोळाला येते, तिथं वाकते आणि आडवी पडते. सेकंदाला आठ हजार प्रश्न झाले की एकटा कंट्रोलर गुदमरतो; म्हणून दोन पाहिजेत, कामाची वाटणी पाहिजे; इथून पुढं तिचा प्रबंध. "आत्ताही तेच चाललंय?" मॅडमनी विचारलं. "हो, सोळाचंच. पूर्ण मारा चालू आहे." मॅडमनी लेकराच्या कपाळाला लावावा तसा तळहात लॅपटॉपच्या पाठीला लावला.

"अगं, हा गार आहे."

"मग बरंच आहे ना, मॅडम?"

"सोळा स्विच, डोक्यावर प्रश्नांचा पाऊस, आणि अंग गार? घाम नाही, धाप नाही. याचा पंखा का बोलत नाही? काम करतोय का बसून खातोय हा?"

पंखा. माधुरी पंखा या शब्दाकडे पाहत राहिली, आणि जूनमधली एक दुपार संथपणे वर आली. मितू तेव्हा जेमतेम दहा महिन्यांची. पलंगावर आडवी, एक मूठ उघडी, एक मिटलेली. माधुरी पलंगाखाली जमिनीवर, मांडीवर लॅपटॉप. दिवसातला तो एकच तास तिचा. फार तर सव्वा. तिनं चाचणी सुरू केली आणि लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा गरजला. मितूची पापणी हलली. ती पापणी हलल्यावर माधुरीचा हात आपोआप वरच्या रांगेतल्या त्या बटणाकडे गेला होता, पंख्याचं चित्र असलेल्या. शांत मोड. पंखा विझला. पापणी मिटली. माधुरीनं सोडलेला श्वास तिला आत्ता, या लॅबमध्ये, पुन्हा ऐकू आला. पंखा गप्प राहावा म्हणून यंत्र आपला वेग अर्ध्यावर आणतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना तिनंच तर शिकवलं होतं. पण त्या दुपारी तिथं कॉम्प्युटरच्या मॅडम बसलेल्या नव्हत्या. तिथं एक बाई बसली होती जिला फक्त ती पापणी मिटलेली राहायला हवी होती. आणि त्यानंतरच्या प्रत्येक दुपारी, प्रत्येक पहाटे, चार महिने, ते बटण तसंच होतं. कंट्रोलर गुदमरत नव्हता. त्याच्या तोंडावर दुपट्याचा बोळा तिनंच धरला होता आणि वर लिहिलं होतं, सोळाच्या पुढं याला दम लागतो.

तिनं हे सांगितलं. सांगताना कानशिलं तापली. मॅडम आधी गंभीर राहिल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग डोक्यावरचा चष्मा नाकावर पडेपर्यंत त्या हसल्या. "माझा शाहबाज लहान होता ना, तेव्हा मी की-बोर्डवर टॉवेल टाकून त्याखाली हात घालून थिसिस टाइप केलाय. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, बाई, मजकूर चांगला आहे, पण तुमचं इंग्रजी असं का?" डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आता बोल. तीन वाजताचं काय?" माधुरीला क्षणभर दिसलं की काहीच करायची गरज नाही. रेघ सुबक होती. समितीतला कुणीही येऊन लॅपटॉपला हात लावून पाहणार नव्हता. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं, आणि हा त्यांचा मोठेपणा होता. "परत घेते," माधुरी म्हणाली. "आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. प्रत्येकी अर्धा तास. प्रत्येक वेळी मला इथं लागेल." "आणि एक वाजता घरी जायचं होतं ना तुला?" "हो," माधुरी म्हणाली आणि तिनं फोनकडे पाहिलं.

लॅब सांभाळणारे बिभीषणमामा तिकडे कोपऱ्यात खुर्चीची चाकं दुरुस्त करत सगळं ऐकत होते; फोनची अट त्यांना सकाळीच कळली होती. पाथर्डीकडचा माणूस, पन्नाशीचा, मदत विचारून करायची नाही असा स्वभाव. ते उठून हात झटकत आले. "मॅडम, तुमच्या आवाजाला लेकरू रडतंय ना? माझ्या आवाजाला कशाला रडंल? रडलंच तर भिऊन रडंल. नंबर सांगा." आणि माधुरी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावून, स्पीकरवर टाकून, टेबलावर ठेवलासुद्धा. माधुरीनं ओढणीचा बोळा करून स्वतःच्या तोंडावर धरला.

"हॅलो, कालेजातनं बिभीषण बोलतोय. माधुरी मॅडमच्या घरून का?"

"व्हय. काय झालं? बरी हाय ना आमची सून?" मागं कसला तरी ठण्ण आवाज. भांडं पडल्याचा.

"एकदम बऱ्या हायेत. एकला येनार हुत्या, त्यांचं काम निघालंय. आता साडेपाचलाच येत्याल."

"मंग येऊ नको म्हनावं. आमी काय वाट बघत न्हाई बसलो."

मॅडमनी कौतुकानं भुवया उंचावल्या. माधुरीनं रफ कागद ओढला आणि पेनानं खरडलं: जेवली का? बिभीषणमामांनी कागद लांब धरून वाचला. "पोरगी जेवली का?"

"जेवली? आरं बाबा, आयचा डबा खाल्ला तिनं!" माधुरीनं झटकन पिशवीत हात घातला. डबा नव्हता. "ही बया डबा कट्ट्यावर इसरून गेली. म्या म्हनलं, नासायचा कशाला. कालवनात भाकर कुस्करली, माझ्यापुरती. तर ही मांडीवर चढली न् घातला हात ताटात. म्या भरवलं न्हाई बरं का. म्या तिच्याकडं बघितलंसुदिक न्हाई, आपली जेवत हुते. तिनं तिच्या हातानं खाल्लं. निम्मं खाल्लं, निम्मं डोक्याला लावलं."

तिखट, असं माधुरीनं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. "तिखट न्हाई का लागलं?" मामा.

"लागलं की. नाक गळाय लागलं. पानी पेली न् परत खाल्लं. आन् ती फिरीजवरची चिठ्ठी, तिचा खालचा कोपरा पन खाल्लाय थोडा. म्या काढला तोंडातनं."

माधुरी आता भराभर लिहीत होती. बिभीषणमामांनी पुढचा कागद पाहिला आणि ते काळेसावळे गृहस्थ चक्क लाजले. "ते... आपलं... पोट बीट साफ..."

छबूबाई म्हणाल्या, "बिभीषनराव, तुमच्या शेजारीच हुबी हाय न्हवं ती? तिला म्हनावं, कागद ठिव खाली न् काम कर. सगळं झालंय." आणि त्यांच्या मागून, फोनपासून लांब, पण खणखणीत, कुणालाही हाका न मारणारा, स्वतःशीच रंगलेला मितूचा आवाज आला: "दे! दे! दे!" काय दे, कुणाला दे, काही कळलं नाही. फोन ठेवला गेला.

माधुरीनं ओढणी तोंडावरून काढली तेव्हा तिला कळेना, आता चेहऱ्याचं काय करायचं. आनंद झाला होता. तो तर झालाच होता. पण त्याच्या कडेनं बारीक टोचणीही होती. चौदा महिने तिनं ओळखून ठेवलं होतं की मितूला माझाच हात हवा असतो. मितूला कुणाचाच नको होता. कुणी आपल्याकडे न बघता जेवत बसावं, एवढंच हवं होतं. आणि ते सोडून तिला घरात सगळं मिळत होतं. चारचार डोळे तिच्या घासावर. आ कर, आ कर, म्हणणारी दोन तोंडं. अठरा कलमांत हे कलम नव्हतं: तिच्याकडे बघू नये. तिला आत्यांची मांडी दिसली, भाताच्या खाचरात उभं राहून राहून कणखर झालेली, आणि त्या मांडीवर चढणारं ते वीतभर धाडस. बरं झालं मी नव्हते, असं तिच्या मनात आलं. आधी दबकत, मग मोकळेपणी. बरं झालं मी नव्हते तिथं. हे वाक्य मनात म्हणायला इतकं हलकं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिनं ते बटण दाबलं. लॅपटॉपनं एक क्षण विचार केला आणि पंखा सुटला. मागच्या बाकांवर प्रॅक्टिकल करणाऱ्या पोरांनी माना वळवल्या. "हेलिकॉप्टर उतरलं का काय," बिभीषणमामा म्हणाले आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा तिच्यापुढं ठेवून गेले. ती एका हातानं खात, एका हातानं आकडे टिपत राहिली. आठ, सरळ. सोळा, सरळ, जिथं चार महिने रेघ मान टाकत होती तिथून ती टुणकन पुढं गेली आणि माधुरी घास तोंडात धरून हसली. बत्तीसला सेकंदाला एकोणीस हजार. लॅपटॉप तापला होता, हात ठेववत नव्हता, आणि तो भणभण आवाज तिला आवडायला लागला होता. कुणाची पापणी हलेल म्हणून दबकायचं नाही, घराएवढ्या आवाजात काम करायचं. चौसष्टला मात्र रेघ वाकली. आडवी पडली. तिला त्याचंही वाईट वाटलं नाही. दमतो तो कुठं तरी, एकटा माणूस. पण कुठं दमतो ते आता खरं कळलं होतं. प्रबंधाचा पाया उखडला नव्हता, चार खण पुढं सरकला होता. खणत मात्र सगळं पहिल्यापासून बसावं लागणार होतं.

तीन वाजता समितीपुढं उभं राहून तिनं पहिलंच वाक्य म्हटलं, "माझे मागचे चार महिन्यांचे आकडे चुकीचे आहेत. नवे आज दुपारचे आहेत, फक्त चार." बाहेरून आलेले म्हातारे परीक्षक पेन थांबवून म्हणाले, "चूक कशानं झाली?" तिनं तांत्रिक उत्तर तयार ठेवलं होतं. ते तोंडात आलंच नाही. "मुलगी झोपलेली असायची, सर," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं, पापणीपर्यंत. खोलीत कुणी हसलं नाही. परीक्षकांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी धरून बराच वेळ पाहिले. "जुने टाकू नका," शेवटी ते म्हणाले. "अर्ध्या ताकदीवर काय होतं तेही कुणीतरी मोजायला हवंच होतं. मोजमापाच्या अटी मात्र लिहा. स्पष्ट लिहा." सहा महिन्यांची पुढची तारीख पडली. कागदावर सह्या झाल्या. बाहेर व्हरांड्यात हमिदा मॅडमनी चष्मा शोधता शोधता विचारलं, "मग सोमवारी?" आणि माधुरी म्हणाली, "सोमवारी."

साडेपाचला ती घरी पोचली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. उंबऱ्याबाहेर चपला काढता काढता तिचे हात आधीच पुढं झाले होते. मितू खोलीच्या मधोमध बसली होती, चारी बाजूंना पातेल्यांची झाकणं पसरलेली, केसांत कालवणाचा वाळलेला रंग. तिनं मान वर केली. आईकडे पाहिलं. तोंडभर हसली, लटपटत उठली, आली, आईच्या पसरलेल्या हातात एक झाकण ठेवलं, आणि परत जाऊन आपल्या जागी बसली; तिला खूप काम होतं. माधुरी झाकण धरून दारातच उभी राहिली. स्वयंपाकघरात सगळं आवरलेलं दिसत होतं. दोरीवरचे कपडे घडी होऊन पलंगावर. गॅसवर चहाचं आधण. विचारायला कुणाकडे काही नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "मी काय करू?"

भिंतीला टेकून शेंगा निवडत बसलेल्या छबूबाईंनी वर न बघता हातानंच जमिनीवरची दोन झाकणं बाजूला सारली.

"काय करायचंय? बस."

माधुरी बसली.